दुपारी बरं, रात्री भट्टी: स्लॅबमधून उष्णता खाली येते तरी कशी?

प्रश्न अकोल्याच्या एका भाऊंचा आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. दुसरा मजला, वर थेट गच्ची, ५ इंची आरसीसी स्लॅब आणि त्यावर साधारण ४ इंच ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती रोखायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर. मे महिन्यात दुपारपर्यंत घर कसंबसं सहन होतं, पण संध्याकाळी ७ नंतर खोली तापायला लागते आणि रात्री १-२ पर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, बाहेर वारं गार झालेलं असलं तरी. पंखा लावला की गरम हवाच अंगावर येते. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पीओपीचं फॉल्स सीलिंग करा, दुसरा म्हणतो गच्चीला पांढरा पेंट मारा, तिसरा छताला आतून चंदेरी फॉइल चिकटवायला सांगतो, आई म्हणते रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा. आणि मुलगा नववीला आहे, तो विचारतो की बाबा यात वहन कुठलं, अभिसरण कुठलं आणि प्रारण कुठलं.

भाऊ, मुलाला शाबासकी द्या. या चौघांपैकी कोण बरोबर हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय ठरतच नाही. मी २६ वर्षं इन्सुलेशनचं काम करतोय, सुरुवात कोल्ड स्टोरेजपासून केली, नाशिककडे द्राक्षांची प्री-कूलिंग युनिटं, तासगावला बेदाण्याची स्टोरेजं, रावेरकडे केळी पिकवायचे चेंबर, आणि गेली काही वर्षं घरांच्या गच्च्या. एवढ्या काळात लोकांचा पैसा वाया जाताना जो पाहिला तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, उष्णता एका वाटेने येत असते आणि आपण भलतीच वाट बंद करून बसतो.

आधी तुमचा स्लॅब बघू. मे महिन्यात भर दुपारी आडव्या जागेवर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊन पडतं. १० बाय १२ ची खोली म्हणजे ११ चौरस मीटर, म्हणजे तुमच्या डोक्यावर त्या वेळी ११ किलोवॉट पडतंय. जुना, काळवंडलेला, पावसाळ्यातलं शेवाळ वाळून बसलेला कोबा त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त पिऊन घेतो, वरचा भाग ६० अंशांपर्यंत जातो, अनवाणी पाय टेकवता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातली बरीच उष्णता वारा घेऊन जातो, काही आकाशाकडे परत जाते, पण राहिलेली काँक्रीटमधून खाली उतरायला लागते. हे झालं वहन. इथं काँक्रीटचा कण जागा सोडत नाही, नुसती त्याची थरथर शेजारच्या कणाला लागते, त्याची पुढच्याला, असं करत करत ९ इंचांचा प्रवास होतो.

हा प्रवास किती वेगाने होईल ते वस्तूवर आहे. १ मीटर जाडी, १ चौरस मीटर जागा आणि दोन्ही बाजूंत १ अंशाचा फरक धरला तर तांब्यातून ३९० च्या आसपास वॅट जातात, साध्या लोखंडातून ५०, काँक्रीटमधून दीड, विटेतून पाऊण, लाकडातून ०.१५, थर्माकोलमधून ०.०३५ आणि पफमधून, म्हणजे कोल्ड रूमच्या पॅनेलमधल्या पॉलियुरेथेन फोममधून, ०.०२५. हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला फ्रान्सच्या जोसेफ फूरिये यांनी, १८२२ च्या ग्रंथात, आणि आजही आम्ही कोल्ड रूमच्या भिंतीची जाडी त्याच नियमाने काढतो. थर्माकोल आणि पफ एवढे चांगले का, तर त्यात खरं काम करते ती आत कोंडलेली हवा किंवा गॅस, प्लास्टिक फक्त तिला हलू देत नाही. आजीच्या गोधडीचं तेच. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर आणि प्रत्येक दोन थरांत अडकलेली थोडी हवा, ऊब त्या हवेची असते.

कुठं एक धातूचा तुकडा आरपार गेला तर काय होतं ते मी कोल्ड रूममध्ये कितीतरी वेळा दाखवलंय. पफ पॅनेल लावताना कुणीतरी घाईत १२ मिमीचा लोखंडी बोल्ट थेट आतून बाहेर घालतो. दुसऱ्या दिवशी सगळी भिंत बाहेरून कोरडी आणि त्या एका बोल्टच्या डोक्यावर पाण्याचा थेंब लोंबकळत असतो, तो टपकला की पाच मिनिटांत दुसरा. लोखंडातून पफच्या २००० पट उष्णता जाते, म्हणजे तो करंगळीएवढा बोल्ट हिशोबाने जवळजवळ दीड फूट बाय दीड फूट पॅनेलइतकी उष्णता एकटा आत घेतो. घरात हेच काम छज्जे आणि बाहेर काढलेले बीम करतात, पण ते नंतर कधीतरी.

आता रात्रीचं कोडं. काँक्रीट नुसतं वाहक नाही, ते साठवतंही भरपूर. तुमच्या त्या एका खोलीवरच्या स्लॅबचं वजन ३.३ टन आहे, कोबा धरला तर ५ टनांच्या वर. नुसता स्लॅब १५ अंशांनी तापला तरी त्यात १२ युनिट विजेइतकी उष्णता भरली गेली, म्हणजे २ किलोवॉटचा गिझर सलग ६ तास चालवल्यासारखं. आणि ही उष्णता वरून खाली पोचायला वेळ घेते, ५ इंच काँक्रीटला तीन-साडेतीन तास, वरच्या कोब्याला अजून तीन एक तास. दुपारी दीडला वर जो कहर असतो तो छताच्या खालच्या बाजूला रात्री ८ च्या सुमाराला पोचतो. म्हणजे तुम्ही रात्री जेवून अंथरुणावर पडता तेव्हा तुमच्या डोक्यावर दुपारचं दीड वाजलेलं असतं!

म्हणूनच पत्र्याच्या घरात बरोबर उलटं होतं. पत्रा अर्धा मिलिमीटर, त्यात साठवायला काही नाही, दुपारी आत उभं राहवत नाही पण दिवस मावळला की अर्ध्या तासात पत्रा गार. आणि मराठवाड्यातली, सोलापूरकडची माळवदाची घरं आठवा. वर फूटभर माती, त्यातून उष्णतेची लाट उतरायला ९-१० तास लागतात आणि उतरेपर्यंत तिचा जोर दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी झालेला असतो, शिवाय ती पोचते तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते आणि खिडकीतून गार वारं येत असतं. आपला स्लॅब या दोघांच्या मधे अडकलाय. लाट मारून टाकण्याइतका जाड नाही आणि लगेच थंड होण्याइतका पातळ नाही, आणि लाट आणून सोडतो ती नेमकी झोपायच्या वेळेला.

हे झालं स्लॅबच्या खालच्या अंगापर्यंत. आता तिथून तुमच्या अंगापर्यंत उष्णता कशी येते हे बहुतेकांचं चुकतं, आणि सगळा पैसा इथंच चुकीच्या जागी जातो.

लोकांना वाटतं छत हवेला तापवतं आणि हवा आपल्याला. पण गरम हवा हलकी, ती वरच जाते. छतच गरम असेल तर त्याला लागून असलेली हवा तापते आणि तिथंच छताला चिकटून पडून राहते, खाली यायचं तिला काही कारणच नाही. म्हणजे अभिसरण जवळजवळ थांबलेलं असतं. मग येतं काय? प्रारण. छत तुमच्याकडे सरळ उष्णता फेकतं, मधल्या हवेला न विचारता, जशी चुलीची धग तोंडावर लागते तशी, फक्त डोळ्याला दिसत नाही. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०० साली प्रिझममधून उन्हाचे रंग पाडले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथं थर्मामीटर ठेवला, तर तो इतर रंगांपेक्षा जास्त चढला. त्याच न दिसणाऱ्या किरणांत तुम्ही रात्रभर झोपलेले असता.

खात्री करायची असेल तर आज रात्रीच करा. ९ वाजता पंखा बंद करून स्टुलावर उभे राहा, तळहात वर करून छतापासून हातभर खाली धरा. एक मिनिट थांबा, हाताला मंद शेक जाणवेल. मग दुसऱ्या हाताने मधे जाड पुठ्ठा सरकवा. शेक त्याच क्षणी जातो, जसं उन्हात चालताना कुणी छत्री धरावी. हवा गरम असती तर पुठ्ठ्याने एका क्षणात फरक पडला नसता. मी गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्यांदा गेलो की हा पुठ्ठाच काढतो, कोटेशन नंतर.

आणि झोपणं ही तर सगळ्यात वाईट अवस्था. झोपेतही शरीराला सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकावीच लागते. खालून फोमची गादी, ती इन्सुलेशनच, तिकडून काही जात नाही. वरचं सगळं अंग ४०-४१ अंशाच्या छताकडे तोंड करून, आणि आपली कातडी असते ३४-३५ अंशाला, म्हणजे द्यायचं सोडून आपण घेतोच आहोत. उरतो फक्त घाम. म्हणून बाजेवर किंवा नवारीच्या खाटेवर बरं वाटतं, खालून हवा लागते, घाम वाळतो.

पंख्याचं सांगतो. छताला चिकटलेला तो गरम थर पंखा उपसून खाली आणतो, म्हणून पहिली दहा मिनिटं गरम वाटतं. पण तरी लावा, कारण घाम वाळवायला वारा लागतोच, १ लिटर घाम वाळला की शरीरातून २४०० किलोज्यूल उष्णता जाते, म्हणजे जवळजवळ पाऊण युनिट. फक्त समोरासमोरच्या खिडक्या उघडून एका खिडकीत एक्झॉस्ट लावा म्हणजे तो वरचा थर बाहेर जाईल. अकोल्याची हवा कोरडी म्हणून कूलर तुमच्याकडे उत्तम चालतो, रत्नागिरीत तोच कूलर फक्त दमट करून सोडेल. मात्र कूलर असो की एसी, तो हवा थंड करतो, छत नाही. हवा २६ अंश आणि वर छत ४०, अशा खोलीत एसी चालू असूनही डोकं जड होतं आणि बिल दणकून येतं, ही तक्रार मी दर उन्हाळ्यात ऐकतो.

अभिसरणाबद्दल थोडं जास्त सांगतो, मुलासाठी, आणि माझा जीव या विषयात आहे म्हणूनही. द्रव किंवा हवा उष्णता वाहून नेते ती स्वतः जागा बदलून. पाणी तसं वाहक म्हणून अगदी बेताचं, लोखंडाच्या ८० पट कमी, तरी पातेलं खालून तापवलं की सगळं पाणी तापतं कारण खालचं गरम पाणी हलकं होऊन वर येतं आणि वरचं गार खाली जातं. पातळ आमटी म्हणून स्वतःची स्वतः शिजते, पण पिठलं घट्ट व्हायला लागलं की ते हलायचं बंद होतं, तळाची उष्णता तळालाच अडकते आणि हात थांबला की करपतं. पिठलं फदफद करतं तेव्हा खालची वाफ वाट काढत असते. आणि मिसळीवरची तर्री रश्श्याला बराच वेळ गरम ठेवते कारण तेलाचा तो थर पाण्याची वाफच होऊ देत नाही.

आता द्राक्षांची गोष्ट. एका ठिकाणी, नाव घेत नाही, रात्री दोनला फोन आला की माल थंड होत नाहीये. गेलो. खोलीतला थर्मामीटर १ अंश दाखवत होता, हवा हाडं गोठवणारी, आणि मधल्या पेट्यांत प्रोब घातला तर १५ अंश, दहा तास झाले तरी. पॅलेट दोन ओळींत लावून मधे बोळ ठेवायचा, बोळावर ताडपत्री पसरायची आणि एका टोकाने पंख्याने हवा ओढायची, म्हणजे थंड हवेला पेट्यांच्या भोकांतून, घडांच्या अंगावरूनच जावं लागतं, ही खरी रीत. त्या रात्री ताडपत्री घातलेलीच नव्हती, तर हवा पेट्यांच्या वरून सोप्या वाटेने पंख्याकडे पळत होती. ताडपत्री ओढली, बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बुजवल्या आणि सकाळी आठला तोच माल ३ अंशांवर होता. मशीन तेच, हवा तीच. त्या शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक त्या खोलीत होतं, त्याचा चेहरा मी विसरलो नाही. घरातही खिडक्या किती आहेत यापेक्षा वारं तुमच्या अंगावरून जातंय का एवढंच बघा.

राहिलं प्रारण, जे रिकाम्या पोकळीतूनही जातं. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर, मधे हवा नाही, पाणी नाही, काही नाही, तरी ऊन सव्वाआठ मिनिटांत आपल्या गच्चीवर. शेजाऱ्यांच्या गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर असेल तर मुलाला जरूर दाखवा, तिन्ही प्रकार एका जागी आहेत. प्रत्येक नळी दोन काचांची, मधली हवा काढून टाकलेली. ऊन ती पोकळी पार करून आतल्या काळ्या लेपावर पडतं, प्रारण. लेपापासून काचेतून पाण्यात, वहन. तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत जातं आणि गार पाणी खाली उतरतं, मोटर नाही काही नाही, अभिसरण. आणि आत पाणी ऐंशी अंशांवर असताना बाहेरच्या काचेला हात लावा, कोमटसुद्धा लागत नाही, कारण पोकळीतून वहनही नाही आणि अभिसरणही नाही. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये याच कल्पनेवर दुहेरी काचेचं भांडं केलं, तोच पुढे आपला चहाचा थर्मास झाला. थर्मास आतून चकचकीत असतो तो शोभेला नाही, चकचकीत धातू स्वतः प्रारण फार कमी सोडतो.

प्रारण उलट्या दिशेनेही चालतं आणि तुमच्या गच्चीसाठी हे मोलाचं आहे. रात्री निरभ्र, कोरडं आकाश हवेपेक्षा बरंच थंड असतं, १०-२० अंशांनी, आणि उघड्यावर असलेली प्रत्येक वस्तू त्या आकाशाकडे उष्णता सोडत राहते. दर हिवाळ्यात पेपरात बातमी येते, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले. हवेचं तापमान तेव्हा शून्याच्या वर असतं, तरी गाड्यांच्या टपांवर आणि बोटींच्या जेट्टीवर पांढरा थर दिसतो. टप आकाशाकडे बघत असतो म्हणून हवेपेक्षाही गार होतो, गाडीच्या दाराला बर्फ नसतो. अलाहाबादकडे तर पूर्वी याच जोरावर बर्फ करायचे, उथळ मातीच्या परातींत पाणी भरून खाली पेंढा घालून रात्री उघड्यावर ठेवायचे, रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने ते १७७५ मध्ये लिहून ठेवलंय. पेंढा जमिनीची उष्णता वर येऊ देत नव्हता, बाकी काम आकाश करत होतं.

म्हणूनच विदर्भात गच्चीवर पाणी मारून वर अंथरूण टाकून झोपायची जी पद्धत आहे ती शास्त्राला धरून आहे. तोच स्लॅब, खाली झोपलात तर तो तुम्हाला शेकतो, वर झोपलात तर तोंड आकाशाकडे. आणि जूनमध्ये पाऊस यायच्या आधीच्या ढगाळ रात्री सगळ्यात असह्य का, तर ढग आणि बाष्प ही वाट बंद करतात.

आता एकेकाचा सल्ला तपासू.

पांढरा पेंट बरोबर आहे, आणि पहिला हाच करा. कारण तो उष्णता आत यायच्या आधीच परत पाठवतो. नवा चांगला पांढरा थर ८० टक्के ऊन परतवतो आणि शिवाय जे थोडं शोषलं तेही प्रारणाने चांगलं सोडतो, हे दोन्ही गुण लागतात. इथंच चंदेरी पेंट फसवतो. दिसायला चकचकीत, पण धातू उष्णता सोडायला कंजूष, उन्हात पडलेल्या स्टीलच्या ताटाला हात लावून बघा. म्हणून गच्चीवर सिल्व्हर नको, पांढराच. पैसे कमी असतील तर चुना आणि त्यात थोडा फेविकॉल किंवा ॲक्रिलिक बाइंडर, एका पावसाळ्यात निघून जाईल पण उन्हाळा काढून देईल. धूळ बसली की बराच गुण जातो, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये एकदा खराट्याने घासून धुवा. अहमदाबादने आणि तेलंगणाने वस्त्यांमधल्या छतांसाठी हेच धोरण धरलंय, तेलंगणाचं कूल रूफ धोरण २०२३ चं आहे. आपल्याकडे खेडोपाडी हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, इतक्या थोड्या खर्चात इतकं देणारं दुसरं काही नाही.

त्याहून टिकाऊ हवं असेल तर स्लॅबच्या वरून इन्सुलेशन. वरून, आतून नाही, हे लक्षात ठेवा. वरून घातलं तर ५ टनांचं ते ओझं तापतच नाही, आतून घातलं तर ते तापतंच, रोज फुगतं-आकसतं, भेगा वाढतात. तुमच्या छतावर २५ मिमी एक्सपीएस शीट, म्हणजे थर्माकोलच्या जातीचाच पण दाट, पाणी न पिणारा फोम, घातली तर आत येणारी उष्णता साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, ५० मिमीने पाचव्या, १०० मिमीने नवव्या. म्हणजे पहिल्या ५० मिमीत बहुतेक काम होतं, पुढचे पैसे तितकं देत नाहीत. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी जी मर्यादा आहे, चौरस मीटरला दर अंशामागे १.२ वॅट, ती तर २५ मिमीमध्येच गाठली जाते. साधा पांढरा थर्माकोल गच्चीवर नको, पाणी पितो, आणि हवेच्या जागी पाणी आलं की वहन २०-२५ पट वाढतं. आधी गळती बंद, मग वॉटरप्रूफिंग, मग एक्सपीएस, मग जाळी घालून उताराचा कोबा आणि वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी. पण भाऊ, जुना कोबा तसाच ठेवून हे सगळं वर चढवायचं नाही, स्लॅबला एवढा भार झेपेल का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मी कुणाच्या गच्चीवर पोतंसुद्धा चढवत नाही.

फॉल्स सीलिंगने थोडा फरक पडतो, कारण तुमच्या आणि स्लॅबच्या मधे पुठ्ठ्यासारखं काहीतरी येतं. पण पोकळीखालच्या त्या पीओपीलाही स्लॅब प्रारणाने तापवतच राहतो, वर पांढरं केलं नसेल तर मध्यरात्रीपर्यंत पीओपीही गरम लागतं. दुसऱ्याच्या मालकीची गच्ची असेल, सोसायटी परवानगी देत नसेल, तर मात्र हाच मार्ग उरतो, तेव्हा पीओपीच्या वर फॉइल लावलेलं इन्सुलेशन टाकून घ्या.

फॉइल छताला चिकटवणं मात्र करू नका. चकाकी काम करते ती समोर हवेची मोकळी जागा असेल तरच. बाजारात मिळणारं बबल फॉइल प्लास्टरला फासून वर रंग दिला की रंगाच्या खाली चकाकी मेली, आणि मागून काँक्रीट चिकटून वहन चालूच. पत्र्याच्या शेडखाली इंच-दोन इंच जागा सोडून तेच फॉइल ताणलं तर लगेच फरक कळतो. म्हणजे माल वाईट नाही, सांगितलेली जागा चुकीची.

आईंचं पाणी. त्यांचं खरं आहे पण पद्धत बदला. त्या खोलीवरचा स्लॅब १५ अंशांनी उतरवायला हिशोबाने फक्त १८ लिटर पाणी पुरतं, अट एवढीच की ते सगळं तिथंच वाळलं पाहिजे. आपण पाइप लावून २०० लिटर ओततो आणि बहुतेक पन्हाळीतून खाली जातं. त्यापेक्षा जुनी गोणपाटं अंथरून ती ओली ठेवा, थोडं थोडं, ऊन उतरल्यावर. भर दुपारी तापलेल्या कोब्यावर एकदम गार पाणी नको, केसासारख्या भेगा वाढतात. आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात मी हा सल्ला देत नाही, तिथं चुनाच.

गच्चीवर हातभर उंचीवर शेडनेट ताणता आलं तर तेही छान, ऊन स्लॅबला लागतच नाही आणि खालून वारा वाहतो. गुंडाळता येईल असं बांधा म्हणजे रात्री काढून स्लॅबला आकाश मोकळं करता येईल.

तर तुमच्यासाठी क्रम असा धरा, या वर्षी होळीच्या आधी गच्ची घासून पांढरी करा, शक्य झालं तर झोपायच्या खोलीवर शेडनेट, आणि एक उन्हाळा काढून बघा. मुलाला एक काम द्या. लेझरचा इन्फ्रारेड थर्मामीटर कुणाकडून तरी मागून आणा आणि पेंट मारायच्या आधी चार दिवस व नंतर चार दिवस, सकाळी ६, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री ८, १० आणि १२ वाजता छताची खालची बाजू मोजून वहीत लिहायला सांगा, दर वेळी एकाच जागी. चकचकीत वस्तूवर तो थर्मामीटर धरायचा नाही, तिथं तो समोरच्या प्रतिबिंबाचं तापमान सांगतो. स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी घालून बाहेरून मोजलं तर खोटा आकडा येईल, त्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून मोजलं तर खरा, हेही त्याला करून बघू द्या. रात्री १० चा आकडा पेंटनंतर ३६ च्या खाली आला तर इन्सुलेशनवर खर्च करू नका. ३८ च्या वरच राहिला तर वही घेऊन मला दाखवा, त्या आकड्यांवरून किती मिमी लागेल ते काढून देतो.